प्लंबर मावेल एवढी जागा

रविवारी सकाळी साडेदहाला धाकटीच्या वाट्याला जी खुर्ची आली ती घरच्या माणसांची नव्हती. ऑफिसच्या वरच्या मजल्यावर, बैठकीच्या खोलीत, लांब टेबलाभोवती सात खुर्च्या होत्या आणि कुठल्या खुर्चीवर कोण बसणार हे वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. सातवी, खिडकीच्या अगदी समोरची, बाहेरच्यांसाठी. लिफ्ट कंपनीचा माणूस यायचा, काचवाला यायचा, एसीवाला यायचा, तो तिथं बसायचा. डोळ्यांवर उजेड आला की माणूस फार ताणून धरत नाही, असं थोरल्याचं शास्त्र होतं. आज धाकटीच्या रोजच्या खुर्चीवर वहिनींनी आपली पर्स, दोन फायली आणि छत्री ठेवली होती. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

"उभी का? बस ना," वहिनी म्हणाल्या. "ती आहे की रिकामी."

धाकटी बसली. अकरा वर्षं धाकटी सून म्हणून या घरात आणि या ऑफिसात काढल्यावर छत्रीचा अर्थ तिला विचारावा लागला नाही.

टेबलाच्या मधोमध त्या इमारतीची प्रतिकृती उभी होती. विमा कंपनीचं मुख्य कार्यालय, सव्वीस मजले, प्रत्येक मजला वेगळा उचलून आत पाहता येईल असा बनवलेला. तिच्या एका बाजूला त्यांचा नकाशा अंथरला होता आणि दुसऱ्या बाजूला पलीकडच्यांचा. म्हणजे खोडरबरचा. खोडरबर हा एकेकाळी सासऱ्यांच्या, म्हणजे हे आर्किटेक्टचं ऑफिस काढणाऱ्या अण्णांच्या हाताखाली शिकलेला पोरगा. काढण्यापेक्षा खोडायचाच जास्त, म्हणून अण्णांनीच ते नाव ठेवलं होतं. आता त्याचं स्वतःचं ऑफिस यांच्या तिप्पट होतं, आणि लग्नाआधी पाच वर्षं धाकटी तिथंच नोकरीला होती.

बुधवारी विमा कंपनीनं अंतिम फेरीतल्या दोघांचे नकाशे आपल्या सभागृहात शेजारी शेजारी लावले, आणि दोन जुळी भावंडं उभी केल्यासारखे ते दिसले. मोठ्या ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट, जिने, स्वच्छतागृहं आणि पाइपांचे डक्ट यांचा गठ्ठा सहसा मधोमध ठेवतात. दोघांनीही तो पश्चिमेच्या टोकाला नेला होता. दोघांनीही त्याचे दोन तुकडे केले होते. दर तिसऱ्या मजल्यावर दुप्पट उंचीची उघडी गच्चीसुद्धा दोघांकडे. शुक्रवारी समितीचं पत्र आलं. कुणी कुणाचं उचललं याचा लेखी खुलासा सोमवारी अकरापर्यंत करा, नाहीतर दोघंही बाद.

"योगायोग म्हणायचा का हा?" थोरल्यानं सुरुवात केली. तो घरातला मोठा मुलगा, गिऱ्हाइकं सांभाळणारा. बोलताना बोट नेहमी कागदावर असायचं, आजही होतं. "एक गोष्ट सारखी असती तर मी म्हटलं असतं योगायोग. तीन?"

"योगायोग एवढा हुशार नसतो," ताई म्हणाली. ताई ही दोन्ही भावांच्या मधली. खांब, तुळया, पाया हे तिचं खातं. "खांबांचं अंतर तेवढं वेगळं आहे त्यांचं. आपलं आठ मीटर चाळीस, त्यांचं नऊ. म्हणजे माझी शीट नाही गेली बाहेर. मांडणी गेली."

ताईनं हे सहज म्हटलं, पण धाकटीला ऐकू आलं ते वेगळंच. माझ्या हातून काही गेलेलं नाही, तुमचं तुम्ही बघा. मांडणी धाकटीच्या हातची होती. शीटच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत 'डिझाइन' या रकान्यापुढे या इमारतीत पहिल्यांदाच तिच्या नावाची दोन आद्याक्षरं आली होती. अकरा वर्षं तिनं दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने, पार्किंगचे उतार आणि स्वच्छतागृहं काढली होती. हे काम बाद झालं तर इमारत जाईलच. पण चोरी आपल्या नावावर चिकटली, तर पुन्हा कुठल्याही चौकटीत ही अक्षरं कुणी लिहू देणार नाही, हे तिला बसल्या बसल्या स्वच्छ दिसत होतं. घरात तर नाहीच नाही.

"मी कुणाचं नाव घेत नाही," वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे थोरल्याची बायको; ऑफिसची नोंदवही, किल्ल्या आणि माणसं त्यांच्याकडे असत. त्या कुणाचं नाव घेत नाही म्हणाल्या की खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव तपासून घ्यावं. "पण जुने संबंध असतात माणसाचे. एखादी मैत्रीण भेटते, कॉफी होते, बोलता बोलता निघून जातं तोंडून. मुद्दाम थोडंच कुणी करतं?"

"वहिनी, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? मला विचारताय ना?"

"अगं, मी कुठे तुझं नाव घेतलं!"

"छत्रीनं घेतलं."

ताई खुदकन हसली आणि लगेच गंभीर झाली. थोरला हसला नाही. त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. "ठीक आहे, सरळ विचारतो. गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला दुपारी तू अडीच तास बाहेर होतीस. नोंदवहीत 'काचेचे नमुने' लिहिलंय. काचवाला म्हणतो, ती अर्ध्या तासात गेली."

आपल्या अडीच तासांची अशी चौकशी झालीय हे ऐकून धाकटीचे कान तापले. शुक्रवारी तिचा खण अर्धवट उघडा दिसला होता आणि तिनं ते आपल्याच विसराळूपणावर ढकललं होतं. आता तो कुणी उघडला असेल याचा हिशोब तिचं मन आपोआप करायला लागलं. किल्ल्या वहिनींकडे. पण खणातली निळी डायरी नीट परत ठेवली होती, आणि वहिनींना काही नीट परत ठेवायची सवय नाही.

"दातांच्या डॉक्टरकडे गेले होते," ती म्हणाली. "दाढ काढली. दाखवू?"

"राहू दे ना दादा," तिचा नवरा म्हणाला. "ती असं नाही करणार."

बोलला खरा, पण उशिरा. एखादा शब्द आधी मनात तपासून मग बाहेर सोडावा तसा. तो टेबलाच्या पलीकडे आपल्या खुर्चीवर बसून लाल पेन्सिल बोटांत फिरवत होता. तपासणीची लाल पेन्सिल. अण्णांचा नियमच होता, शीट कुणीही काढो, दुसऱ्यानं लाल पेन्सिलीनं तपासल्याशिवाय ती बाहेर जायची नाही. ही नवराबायको मात्र एकमेकांच्या शीटवर न बघताच सही करत. "तुझी म्हणजे माझीच," असं तो म्हणायचा, आणि तिला त्याच्या प्रेमाचा यापेक्षा मोठा पुरावा कधी लागला नव्हता. आज तो तिच्याकडे सोडून सगळीकडे बघत होता. घाबरलाय बिचारा, भाऊ समोर आहे, असं तिनं स्वतःला समजावलं.

"मला त्यांचा नकाशा बघू द्या," ती म्हणाली. "बुधवारपासून सगळे माझ्याकडे बघताय. मी अजून तो नीट पाहिलेलाच नाही."

थोरल्यानं मोबाइलवर काढलेला फोटो मोठा छापून आणला होता. त्यानं जरा कुरकुरतच तो सरकवला. धाकटीनं तो खिडकीच्या उजेडात धरला. सारखेपणा होताच, तो झाकण्यासारखा नव्हता. पण माणूस ज्यासाठी भांडलेला असतो तिकडे त्याची नजर आधी जाते. गच्ची, लिफ्ट, सगळं सोडून तिची नजर जिन्याशेजारच्या पाइपांच्या डक्टवर गेली.

"याची रुंदी किती आहे?"

"काय फरक पडतो?" थोरला म्हणाला.

"पट्टी द्या."

पट्टी ताईनं दिली. धाकटीनं जिन्याच्या रुंदीवरून मोजलं, पुन्हा मोजलं.

"तीन फूट. आणि त्याचं दार जिन्याच्या चौकात उघडतंय. दादा, आपला डक्ट दोन फुटी आहे. पहिल्या दिवसापासून. मजल्यामागे तेवढी जागा वाचावी म्हणून मी पाइपवाल्या सल्लागाराशी तीन आठवडे डोकं फोडलं. तीन फुटी डक्ट आपल्या कॉम्प्युटरवर कधी नव्हताच. माझ्याकडून गेलं असतं तर दोन फुटी गेलं असतं."

 ताईनं हळूच कपाळावर हात मारला.

"जाड्या प्लंबर," ती म्हणाली.

अण्णांच्या पहिल्या इमारतीचं नळकाम एका जाड्या प्लंबरनं केलं होतं. गळती काढायला तो डक्टमध्ये शिरला आणि अडकला. दोघांनी ओढून बाहेर काढला. तेव्हापासून अण्णा प्रत्येक इमारतीत डक्ट तीन फुटी काढत आणि दार जिन्याकडून ठेवत. 'प्लंबर मावला पाहिजे,' एवढंच त्यांचं समर्थन. जाडे प्लंबर संपले, पाइप बारीक झाले, आगीचे नियम बदलले आणि जिन्यात दार उघडायला बंदी आली, तरी अण्णांचा हात ऐकत नव्हता. जगात ही चूक करणारा दुसरा माणूस नव्हता.

"म्हणजे अण्णांच्या कागदावरून गेलं," थोरला म्हणाला आणि लगेच त्याचे डोळे बारीक झाले. "त्यांच्या टेबलापाशी कोण कोण जातं? ताई, तू रोज संध्याकाळी बसतेस."

"मी? मी त्यांना गोळ्या देते! आणि तू नाही जात? शनिवारी तासभर काय करत होतास खाली?"

"माझ्यावर कशाला घसरतेस? सही घ्यायला गेलो होतो."

"कसली सही?"

"नोंदवहीत आहे का ती?" वहिनींनी विचारलं, आणि नवऱ्यालाच आपण विचारलं हे लक्षात आल्यावर त्यांनी छत्री उचलून उगाच खाली ठेवली. पाच मिनिटांपूर्वी जे तिघं एका बाजूला होते ते आता तीन बाजूंना होते. धाकटीला क्षणभर बरं वाटलं. मग तिला ती ट्रेसिंगची गुंडाळी आठवली आणि ते बरं वाटणं जिरलं.

ही मांडणी मुळात अण्णांची होती. जानेवारीत त्यांनी ती ट्रेसिंग पेपरवर काढून थोरल्याला दाखवली. "इमारतीनं उन्हाकडे पाठ करून बसावं रे," ते म्हणाले होते. थोरल्यानं हसून गुंडाळी बाजूला ठेवली. धाकटीनं ती नंतर उघडली आणि तिला रात्रभर झोप आली नाही, इतकं ते बरोबर होतं. तिनं त्याचा फोटो घेतला, हिशोब मांडला, आगीचे नियम बसवले, लिफ्टची संख्या ठरवली आणि थोरल्याला पटवलं. थोरल्यानं एकच अट घातली. "अण्णांना इतक्यात सांगायचं नाही. सांगितलं की रोज डोक्यावर येऊन बसतील. निकाल लागू दे." अण्णांचे गुडघे गेलेले. ते वर येत नसत, वरचे स्क्रीन त्यांना दिसत नसत. तिनं मान हलवली होती. 'डिझाइन'च्या रकान्यात आपलीच अक्षरं बघून तिनं मनाला सांगितलं होतं की निकालानंतर दुरुस्त करू.

"खाली जाऊ या," ती म्हणाली. "त्यांनाच विचारू."

पाचही जण जिना उतरून गेले. अण्णा दर्शनी खोलीत आपल्या तिरक्या टेबलाशी स्टुलावर बसले होते. ब्याऐंशी वर्षं, पाठ सरळ, कानामागे पेन्सिल. रविवारीही ते यायचे. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"सगळे एकदम? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं, अण्णा," थोरला म्हणाला. "तुमची ती विमा कंपनीची ट्रेसिंग कुठे आहे?"

"दिली."

"कुणाला?"

"खोडरबरला. येतो तो मंगळवारी, तुम्ही सगळे साइटवर असता तेव्हा. जुनं विचारायला येतो, जिन्याच्या पायऱ्या वगैरे. पोरगं अजून विचारतं हो." अण्णांनी चष्मा पुसला. "त्याला म्हटलं, माझ्या पोरांना हे हसू येतंय. तू बघ आणि खरं सांग, मी म्हातारा झालोय की हे बरोबर आहे? त्यानं तासभर बघितलं. म्हणाला, अण्णा, बरोबर आहे. म्हटलं, मग ने. इथं केराच्या टोपलीत जाण्यापेक्षा कुणी बांधेल तरी."

"अहो, पण तो आपल्यासमोर स्पर्धेत आहे!" वहिनी म्हणाल्या.

"मला काय माहीत? मला कोण सांगतं इथं काय चाललंय? आणि असेना. तुम्हाला नको होतं ना ते? तुम्ही मधोमधच ठेवलाय ना सगळा गठ्ठा?"

 वहिनी समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत राहिल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं. चार दिवस घरातल्या प्रत्येक खणात चोर शोधला, आणि इथं खालच्या खोलीत बसलेल्या माणसानं आपलीच वस्तू उजळ माथ्यानं दिली होती. ती वरच्यांनी ठेवून घेतलीय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"नाही, अण्णा," धाकटी म्हणाली. "आम्ही तुमचंच घेतलं. जानेवारीतच."

अण्णांच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला. खराखुरा, लहान मुलासारखा. तो फार टिकला नाही. ते एकेकाकडे बघत गेले आणि तिच्यापाशी थांबले.

"तुला माहीत होतं? तू तर रोज चहा घेऊन येतेस मला."

"हो."

"रोज आलीस."

"हो, अण्णा." तिला रडू फुटलं. सकाळपासून खोट्या आरोपाला ती ताठ मानेनं बसली होती, पण हा आरोप खरा होता.

अण्णांनी कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. थोरल्यानं पुढे केलेलं समितीचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, "उद्या अकराला ना? मी जातो. खोडरबरलाही बोलावतो, तो नाही म्हणायचा नाही. मूळ कागद त्याच्याकडे आहे, माझ्या हातची तारीख आहे त्यावर. काय ते समितीला सांगतो. आणि तो डक्ट कितीचा केलास?"

"दोन फुटी."

"प्लंबर मावतो?"

"आता बारीक असतात, अण्णा."

"बघ बाई," ते म्हणाले.

त्यानंतर सगळ्यांची जीभ एकदम गोड झाली. वहिनींनी स्वतः चहा केला. थोरला धाकटीला म्हणाला, "मनात ठेवू नकोस हं, विचारावं लागतं." ताईनं पाठीवर हात ठेवला. समितीसाठी सगळ्या शीट नव्यानं छापायच्या, चौकटीत 'मूळ कल्पना' असा रकाना वाढवून त्यात अण्णांचं नाव घालायचं असं ठरलं. धाकटी वर गेली, मागोमाग तिचा नवराही. तिनं कॉम्प्युटर सुरू केला. हे काम आपल्या हातानं करायचं म्हणून तिला घाई झाली होती.

पहिल्या शीटचा उजवा कोपरा तिनं मोठा केला. 'डिझाइन'च्या पुढे तिची अक्षरं नव्हती. तिथं तिच्या नवऱ्याची होती.

दुसऱ्या शीटवरही. बेचाळीसच्या बेचाळीस शीटवर. बदलाची नोंद ऑफिसचा कॉम्प्युटर आपोआप ठेवतो. नोंद होती गुरुवारची, सकाळी अकरा दहाची, आणि बदल करणारा तोच. आजच्या चौकशीच्या तीन दिवस आधीची. समितीचं पत्रही तोवर आलं नव्हतं.

"हे काय आहे?"

तो मागे उभा होता. "ते... दादा म्हणाला. बुधवारी प्रदर्शन बघून आल्यावर. तू त्यांच्याकडे होतीस, त्यांनी बोट दाखवलं तर काम जाईल, म्हणून तात्पुरतं..."

"दादा काय म्हणाला ते कळलं. तू काय म्हणालास?"

तो टेबलावरचे कागद सरळ करायला लागला.

"माझा खण कुणी उघडला?"

"सगळं जागच्या जागी ठेवलं होतं मी," तो म्हणाला.

"तुला वाटलं होतं, मी दिलं असेल?"

"नाही गं. म्हणजे... क्षणभर."

"गुरुवार ते रविवार म्हणजे क्षणभर?"

खालून वहिनींचा आवाज आला, चहा निवतोय म्हणून.  ती खुर्चीवरून उठली आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"तू काढलीस. तूच लिही."

त्यानं बसून अण्णांचं नाव घातलं, मग तिची दोन अक्षरं परत घातली. ती शेजारी उभी राहून स्क्रीनकडे बघत होती. बेचाळीस शीट छापून व्हायला अर्धा तास लागला. गठ्ठा गरम होता. त्यानं सवयीनं तो सहीसाठी तिच्यापुढे सरकवला आणि पेन उघडून दिलं.

धाकटीनं पेन घेतलं नाही. टेबलावरची लाल पेन्सिल उचलली, गठ्ठा उचलला आणि बैठकीच्या खोलीत खिडकीसमोरच्या सातव्या खुर्चीवर जाऊन बसली. तिथं उजेड चांगला होता.

"अगं, तपासायला कशाला हव्यात? माझ्याच आहेत," तो दारातून म्हणाला.

ती रेघेवर रेघ बघत गेली. पहिल्या शीटवर एकही चूक नव्हती. तिनं दुसरी पुढ्यात ओढली.